नळ कोठे धरावा आणि कोठे सोडावा

(अभियंता दिनानिमित्त बालाघाट येथे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



उन्हाळ्याच्या अखेरीस वैनगंगेपलीकडच्या रानात वणवा लागला म्हणजे रात्री दूरवरून बंदुकीचे बार उडाल्यासारखे आवाज येतात. परगावाहून आलेला पाहुणा दचकून अंथरुणात उठून बसतो. घरचे आजोबा मात्र कूस बदलीत एवढेच सांगतात की, काही नाही, बांबू फुटतो आहे. हिरव्या बांबूच्या दोन गाठींमधल्या पेरात कोंडलेली हवा आणि ओल तापते, ओलीची वाफ होते, वाफेला वाट सापडत नाही, आणि अखेर ते पेर उभे चिरून मोकळे होते. ते आडवे तुटत नाही, उभे चिरते. बांबूचे तंतूच उभे असतात म्हणून असे होते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अर्धा खरा आहे. परंतु ज्याला तंतू नाहीत, ज्याचा कण न् कण सर्व दिशांनी सारखाच बळकट आहे, असा पोलादी नळ आतल्या दाबाने फुटला तरी तोही बहुधा उभाच चिरतो, कारण गोल नळाच्या भिंतीत परिघाच्या दिशेने जो ताण निर्माण होतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. आजच्या विषयाचे पहिले प्रमेय या जिल्ह्याच्या रानाने आपणांस कोणतेही शुल्क न घेता शिकवून ठेवले आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या विश्वेश्वरय्यांचे नाव निघताच कृष्णराजसागराची विशाल भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. तथापि पुण्याच्या सायन्स कॉलेजातून बाहेर पडून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या या तरुण सहायक अभियंत्याच्या पदरी अगदी आरंभी जी कामे पडली, त्यांतले खानदेशातले एक काम धरणाचे नव्हते. ते नळाचे होते. धुळ्याकडे पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळाचा सायफन बांधायचा होता. सायफन म्हणजे पाणी एका काठावर खाली उतरवायचे आणि त्याच्याच दाबाने दुसऱ्या काठावर वर चढवायचे. मधला सगळा नळ हा दाबाखालचा नळ. ऐन पावसाळ्यात नदी वाळू लोटीत असताना हे काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले, ते वरिष्ठांना रुचले नाही, आणि अखेर काम त्यांनी पुरे करून दिले. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी जी स्वयंचलित दारे बसविली, ती पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता आपणहून उघडत. बाष्पकावरचा, म्हणजे बॉयलरवरचा, सेफ्टी व्हॉल्व आणि ही दारे यांची जात एकच. दाबाला रोखून धरणे ही निम्मी विद्या. त्याला वेळेवर वाट देणे ही उरलेली निम्मी. माझे आजचे सारे निवेदन या उरलेल्या निम्म्या विद्येविषयी आहे.

बालाघाटात हा विषय का निवडला, असे मला निमंत्रण देणाऱ्या मंडळींनी विचारले होते. माझे उत्तर असे की, हा जिल्हा नळांवर जगतो, पण त्याला ते ठाऊक नाही. हे गाव पूर्वी बुऱ्हा म्हणून ओळखले जाई. १८६७ साली जिल्हा झाला आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरच्या सचिवालयातून चाले, म्हणूनच येथे आजही मराठीतून व्याख्यान ठेवता येते. नागपूरशी दुसरे नाते मँगनीजचे. १८९६ साली सुरू झालेल्या जुन्या कंपनीचा वारसा १९६२ पासून मॉइल चालविते, तिची कचेरी नागपुरास आहे, आणि तिची भरवेलीची खाण येथून हाकेच्या अंतरावर. ती आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून सांगितली जाते. खोली चारशे मीटरांच्या आसपास. एवढ्या खोलीवर माणूस काम करतो तेव्हा झिरपणारे पाणी नळाने वर काढावे लागते आणि खनिज काढून रिकाम्या झालेल्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू नळानेच खाली सोडावी लागते. ईशान्येकडे मलाजखंडला, १९८२ साली राष्ट्रास अर्पण झालेल्या तांब्याच्या खाणीत, खडकात तांबे शेकडा एकाच्या आसपास, त्यामुळे दळलेल्या खडकाचा बहुतेक सगळा भाग चिखल होऊन नळावाटेच बांधाकडे जातो. मंडळी तांब्याविषयी बोलतात, मँगनीजविषयी बोलतात. नळाविषयी कोणी बोलत नाही. तो फुटेपर्यंत कोणीच बोलत नाही.

आता थोडे गणित करू. भिण्याचे कारण नाही; हे गणित माझ्या मते या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे आणि म्हणूनच तो सर्वांत अधिक शिकविला जातो. चारशे मीटर उंच पाण्याचा स्तंभ पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम दाब टाकतो. समजा, आपण आठ इंची नळ घेतला, ज्याचा बाहेरचा व्यास २१.९ सेंटिमीटर भरतो, आणि त्याच्या पोलादावर दर चौरस सेंटिमीटरला १,२०० किलोग्रॅमपर्यंतच ताण येऊ द्यायचा असे ठरविले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वुलिच येथील गणिताचे अध्यापक पीटर बार्लो यांनी जे सूत्र मांडले, त्याप्रमाणे दाबाला व्यासाने गुणून दुप्पट ताणाने भागावे, की जाडी निघते. उत्तर येते ३.६५ मिलिमीटर. एवढ्या पत्र्याचा नळ चारशे मीटर पाणी पेलतो हे ऐकून नवखा विद्यार्थी हरखून जातो. परंतु पोलाद गंजणार, यास्तव ३ मिलिमीटर गंजाच्या नावे ठेवावे लागतात. शिवाय कारखान्यात ओढलेला नळ सांगितल्याहून साडेबारा टक्क्यांपर्यंत पातळ निघाला तरी तो नियमात बसतो, म्हणून तीही तूट धरावी लागते. बेरीज करता करता ३.६५ चे साडेसात मिलिमीटरांहून अधिक होतात, आणि बाजारात मिळणारा पुढचा नळ ८.१८ मिलिमीटरांचा असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक पोलाद आपण दाबासाठी घेतच नाही. ते काळासाठी आणि मनुष्याच्या हातून होणाऱ्या चुकांसाठी घेतो. हिशेबनीस याला उधळपट्टी म्हणतो. मी त्याला पेन्शन म्हणतो.

ही विद्या अपघातांच्या पंचनाम्यांतून जमली आहे. १८६३ साली कलकत्त्यास बाष्पक फुटून माणसे मेली, तेव्हा दुसऱ्या वर्षी बंगालात कायदा झाला, आणि त्या परंपरेतून पुढे १९२३ चा भारतीय बाष्पक कायदा आला. या कायद्याने बाष्पनळालाही बाष्पकाच्या पंक्तीस बसविले: ज्या नळातून वाफ दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोग्रॅमहून अधिक दाबाने जाते, तो नळ सरकारी निरीक्षकाच्या नजरेखाली आला. अमेरिकेत १९०५ साली ब्रॉक्टन गावच्या जोड्यांच्या कारखान्यात बाष्पक फुटून ५८ माणसे गेली. त्यातून तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पक संहिता निघाली, आणि नळांसाठी स्वतंत्र संहिता १९२६ साली हाती घेऊन १९३५ साली छापली गेली. आज जगाच्या पुष्कळ भागांत तीच संहिता, तिच्या वाफेच्या, रसायनांच्या, तेलाच्या, वायूच्या अशा वेगवेगळ्या शाखांसह, प्रमाण मानतात.

परंतु संहिता पाळूनही नळ फुटतात. का फुटतात, हा खरा प्रश्न.

नळाविषयी सर्वसामान्य समज असा की, तो एक निश्चल पदार्थ आहे. एकदा बसविला की बसला. वस्तुतः तापलेला नळ हा सर्पासारखा जिवंत असतो. शंभर मीटर लांबीचा वाफेचा नळ सकाळी ३० अंशांवर असतो आणि वाफ सोडल्यावर १८० अंशांवर जातो, तेव्हा तो १८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, लांब होतो. ही वीतभर लांबी कोठेतरी जाणारच. तिला जाऊ दिले नाही, दोन्ही टोके पक्की आवळली, तर काय होते ते पाहा: तापमानात केवळ शंभर अंशांची वाढ झाली की पोलादात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅमचा ताण येतो, आणि साधे पोलाद तर अडीच हजारांच्या आसपास कायमचे वाकू लागते. यात नवल असे की, या हिशेबात लांबी कोठेच येत नाही, जाडीही येत नाही. दहा हाताचा नळ असो की दहा मैलांचा, पातळ असो की जाड, जखडला की तेवढाच तळमळतो. किंबहुना नळ जाड केला तर तो ज्या यंत्राला जोडला आहे त्याला अधिकच जोराने ढकलतो. जाडी वाढवून सुरक्षितता वाढते हे आपल्या हाडीमाशी खिळलेले मत येथे उलटे पडते, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेल्या चुकांपैकी अधिकांश चुका याच एका मतापोटी झालेल्या होत्या.

म्हणून नळाला वळणे देतात. कारखान्याच्या आवारात वाफेचा नळ मधूनच उजवीकडे वळून, पुढे जाऊन, पुन्हा डावीकडे येऊन आपल्या मूळ मार्गाला लागलेला आपण पाहिला असेल. मजूर त्याला ‘लूप’ म्हणतात आणि बघणाऱ्याला वाटते की, कोण्या गाढवाने वाट चुकवली. ती वाट चुकलेली नसते. नळाला श्वास घेण्यासाठी ठेवलेली ओसरी असते ती. वळणाची ही करामत कशात आहे, याचा उलगडा १९११ साली थिओडोर फॉन कार्मान यांनी केला: वाकविताना वळणाचा गोल छेद किंचित अंडाकृती होतो, त्यामुळे वळण सरळ नळाहून पुष्कळ लवचीक ठरते, पण त्याच कारणाने त्याच्या बाजूंवर ताणही अधिक येतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेत लुईव्हिल येथील कारखान्यात ए. आर. सी. मार्कल यांनी शेकडो वळणे आणि सांधे पुढेमागे वाकवून वाकवून मोडले आणि कितव्या फेऱ्याला कोणता सांधा चिरतो याची तपशीलवार नोंद केली. त्यांच्या नोंदीवर आधारलेला ७,००० फेऱ्यांचा आकडा संहितेत बसला. रोज एकदा तापणारा आणि रोज एकदा निवणारा नळ सात हजार फेरे सुमारे वीस वर्षांत पुरे करतो. तार पुढेमागे वाकवून तोडणारे लहान मूल आणि मार्कलसाहेब यांच्यात फरक एवढाच की, मूल मोजीत नाही.

नळ कोठे धरावा, कोठे नुसता टेकवावा, कोठे एका दिशेला सरकू द्यावा आणि कोठे स्प्रिंगवर तरंगत ठेवावा, हे ठरविणे म्हणजे या विद्येचा गाभा. यात माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मी तिशीत असताना एका कारखान्यात, ज्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, नव्या बाष्पकाचा मुख्य नळ उभारायचे काम माझ्याकडे होते. नळ वर सरकणार म्हणून त्याला स्प्रिंगच्या डब्यांवर लटकविले होते. असे डबे कारखान्यातून येतात तेव्हा त्यांत लाल रंगाची एक पिन घातलेली असते, जेणेकरून वाहतुकीत स्प्रिंग हलू नये. आणि पाण्याच्या चाचणीच्या वेळी नळात भरलेल्या पाण्याचे जास्तीचे वजन स्प्रिंगवर पडू नये म्हणूनही ती पिन तशीच ठेवतात. चाचणी उत्तम झाली. पाणी काढले. वाफ सोडली. पिन काढायची राहिली. उभारणी करणाऱ्या कंत्राटदाराला वाटले की, ते काम यंत्र सुरू करणाऱ्यांचे. यंत्र सुरू करणाऱ्यांना वाटले की, ते उभारणीत झालेच असेल. नळ तापला, वर जाऊ लागला, स्प्रिंगचे डबे दगडासारखे बसून राहिले, आणि नळाने आपला सगळा राग पुढच्या फ्लँजवर काढला. गॅस्केट उडाले, जवळ उभ्या असलेल्या फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत माझे सगळे गणित बरोबर निघाले, सगळे नकाशे बरोबर निघाले, आणि मला कोणी दोष दिला नाही. तथापि पिन कोणी काढावी आणि काढल्याची सही कोणी करावी, हे माझ्या एकाही नकाशावर लिहिलेले नव्हते. त्या दिवसापासून मी नकाशाकडे अपुरा दस्तऐवज म्हणून पाहू लागलो.

याच जातीची, परंतु कल्पनेपलीकडे भयंकर अशी घटना इंग्लंडात फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी घडली. तेथे सायक्लोहेक्झेनचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या सहा टाक्या पायऱ्यांसारख्या, प्रत्येक पुढची मागचीपेक्षा चौदा इंच खाली, अशा ओळीने उभ्या होत्या. मार्चअखेरीस पाचव्या टाकीला चीर गेलेली दिसली. उत्पादन थांबू नये म्हणून ती टाकी काढून चौथी आणि सहावी यांच्यामध्ये २० इंची नळ टाकण्याचे ठरले; पातळी निराळी असल्याने नळाला दोन ठिकाणी मुरड घालावी लागली; आणि टाक्यांची तोंडे २८ इंची असल्याने दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे पोलादाचे चुणीदार लवचीक सांधे, ठेवले गेले. याचा नकाशा कागदावर निघाला नाही. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढला गेला. कारखान्याचे मुख्य यांत्रिकी अभियंता त्याच वर्षाच्या आरंभी सोडून गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. नळाखाली मचाणाचे वासे लावले आणि काम चालू झाले. आता २८ इंची तोंडाचे क्षेत्रफळ काढा, त्याला दर चौरस सेंटिमीटरच्या पावणेनऊ किलोग्रॅम दाबाने गुणा: सुमारे पस्तीस टन. प्रत्येक बेलोज मधल्या नळाला पस्तीस टनांनी ढकलीत होता, आणि मुरड असल्यामुळे ही दोन्ही बले एका रेषेत नव्हती. ती नळाला पिळून फिरवू पाहत होती. हे गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे आहे. ते कोणी केले नाही. चाचणी ९ किलोग्रॅमला झाली. सेफ्टी व्हॉल्व ११ ला उघडणारा होता. दोन महिन्यांनी शनिवारी दुपारी तो नळ निखळला आणि २८ माणसे मृत्यू पावली. बेलोज ही वस्तू मला तेव्हापासून आवडत नाही. तिचा दोष नाही. पण जो सांधा नळाला मोकळीक देतो तो नळाला धरून ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी टाकीत असतो, आणि ते दुसरे कोणी बहुधा जागेवर नसते.

येथवर मी वाफेविषयी बोललो. आता भरवेलीसारख्या खाणीच्या पाण्याकडे येतो, कारण पाणी थंड असते म्हणून ते सालस असते, असा एक भ्रम आहे. मगाचाच आठ इंची नळ घ्या. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वर चढते आहे, आणि वीज गेली. विजेचे जाणे ही आपल्याकडे घटना नव्हे, ऋतू आहे. पंप थांबला, वर निघालेला स्तंभ क्षणभर अडखळून मागे फिरला, आणि खालचा नॉन-रिटर्न व्हॉल्व धाडकन मिटला. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून झुकोव्हस्की यांनी १८९८ साली दाखवून दिले की, वाहते पाणी एकाएकी थांबविले तर वेगाच्या प्रत्येक मीटरमागे पोलादी नळात शंभर ते सव्वाशे मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब एका झटक्यात वाढतो. म्हणजे आपल्या चारशे मीटरांत क्षणार्धात दोनशेहून अधिक मीटरांची भर पडली. क्षणिक भाराला संहिता काही सवलत देते, हे खरे. पण गंजाच्या नावे ठेवलेले तीन मिलिमीटर दहा वर्षांत खर्च झाले असतील तर ही सवलत कशावर घेणार? व्हॉल्व ‘हळू’ बंद करा असे सांगणेही पुरेसे नाही. आठशे मीटर लांबीच्या नळात दाबाची लाट जाऊन परत यायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि त्याच्या आत जे बंद झाले ते एकदमच बंद झाले असे धरावे लागते. नळ जितका लांब, तितके ‘हळू’ या शब्दाचे माप मोठे. खोपोलीस १९१५ साली टाटांचे वीजघर चालू झाले, तेथे लोणावळ्याच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उतरून येते. असल्या जागी झडप किती सेकंदांत मिटावी हा प्रश्न नळाच्या जाडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

वाळूच्या नळांविषयी फार बोलत नाही. ज्यांनी ते चालविले आहेत त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. वाळू सरळ नळाचा तळ खाते आणि वळणाची बाहेरची कड खाते, म्हणून जाणते लोक ठरावीक महिन्यांनी नळ थोडा फिरवून बसवितात, जेणेकरून झीज सगळीकडे वाटली जावी. माझी एवढीच विनंती की, कोणत्या तारखेला कोणता नळ किती फिरविला हे फोरमनच्या डोक्यात ठेवू नये. फोरमन निवृत्त होतो.

यावरून मी ज्या मुद्द्यासाठी येथवर आलो त्याकडे येतो. जपानात मिहामा येथील अणुवीजघरात ९ ऑगस्ट २००४ रोजी एक नळ फुटला. त्यात किरणोत्सार नव्हता, आम्ल नव्हते, वाळू नव्हती. ५६ सेंटिमीटर व्यासाच्या त्या नळातून फक्त गरम पाणी वाहत होते. परंतु गरम, शुद्ध पाणी अडथळ्यापुढे भोवरे घेत वाहू लागले की साध्या पोलादाचा पृष्ठभाग थोडाथोडा विरघळवून नेते. मूळची १० मिलिमीटर जाडी एके ठिकाणी दीड मिलिमीटरांहूनही कमी उरली होती. पाच कामगार मृत्यू पावले. तपासात निघाले ते असे: १९७६ साली तेथला तिसरा संच चालू झाल्यापासून अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या जागांची जी यादी केली होती तीत ती जागा लिहायची राहून गेली होती. चूक लक्षात आली, तपासणीची तारीखही ठरली. ती १४ ऑगस्ट होती. नळाने पाच दिवस थांबायला नकार दिला.

आंध्रात नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे गेल कंपनीची १८ इंची वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे जळून मेली. ती वाहिनी कोरड्या वायूसाठी योजलेली होती आणि तिच्यातून ओला वायू जात होता. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की नळाच्या तळाशी आतून पोखरण सुरू होते. वायुवाहिन्यांच्या संहितेत एक मार्मिक तरतूद आहे. निर्जन माळावर नळाच्या बळाचा शेकडा ७२ पर्यंत वापर करता येतो; वस्ती वाढत जाईल तसा हा आकडा ६०, ५० आणि दाट नगरात ४० वर येतो. म्हणजे नळाला हात न लावता, केवळ शेजारी घरे उभी राहिल्याने, तोच नळ कायद्याच्या दृष्टीने दुबळा ठरतो. याचा अर्थ, नळाचा हिशेब ठेवणाऱ्याने गावाचाही हिशेब ठेवला पाहिजे. एखादी वायुवाहिनी आपल्या शेजारून गेली असे समजा. तिच्याकडेला उद्या कोणकोणती घरे उठतील हे तलाठ्याच्या दप्तरात आधी दिसेल, अभियंत्याच्या दप्तरात नंतर.

आणि भोपाळ. मध्य प्रदेशात बोलताना ते नाव टाळता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथल्या कारखान्यातल्या विषारी वायूच्या टाकीत पाणी कोणत्या मार्गाने शिरले याविषयी कामगार आणि कंपनी यांच्यात वाद झाला आणि तो मिटला नाही. त्या वादात मी शिरत नाही. मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. सुटलेला वायू जाळून टाकण्यासाठी कारखान्यात उंच ज्योतीचा मनोरा होता, आणि तो त्या रात्री निकामी होता, कारण त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा गंजला म्हणून दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता आणि त्याच्या जागी नवा बसविलेला नव्हता. तो मनोरा त्या प्रमाणातला वायू जाळू शकला असता की नाही, हा तज्ज्ञांचा विषय आहे. पण काढलेला नळ परत बसेपर्यंत कारखान्यात तो वायू ठेवू नये, असे फर्मान काढण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न तज्ज्ञांचा नाही.

दाबाच्या चाचणीविषयी दोन शब्द सांगून संपवितो. चाचणी पाण्याने करावी, हवेने नव्हे, कारण दाबलेले पाणी जवळजवळ काहीच शक्ती साठवीत नाही आणि नळ चिरला तर नुसता ओला करतो; दाबलेली हवा मात्र चिरलेल्या नळाचा तोफगोळा करते. हे येथील तरुण ठेकेदारांनी विशेष ध्यानात घ्यावे, कारण पाण्याचा टँकर मागविण्यापेक्षा कॉम्प्रेसर आणणे सोपे जाते. चाचणी झाल्यावर पाणी पूर्ण काढावे; तळाशी राहिलेले पाणी पहिल्याच पावसाळ्यात गंजाचा पाया घालते.

सभागृहातील तरुण अभियंत्यांना आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांना माझी एक विनंती आहे. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यातल्या गावोगाव पाण्याच्या योजना झाल्या, विहिरीपासून टाकीपर्यंत पंपाचे नळ पुरले गेले. आपल्या पंचायतीच्या दप्तरात त्या नळाचा नकाशा आहे काय, त्यावर व्यास, जाडी, पुरल्याची तारीख आणि चाचणीचा दाब लिहिला आहे काय, हे उद्या जाऊन पाहावे. नसेल तर जमिनीवर फिरून, टेप लावून, स्वतःच्या हाताने तो काढावा आणि खाली सही करावी. मी शनिवारपर्यंत बालाघाटात मुक्कामास आहे. ज्यांना या कामात सोबत हवी असेल त्यांनी उद्या सकाळी सात वाजता याच सभागृहाच्या फाटकाशी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन यावे. मी तेथे असेन.